पासवर्ड बदला, पण सांगून बदला

आपल्या वायफायवर फुकट बसलेल्यांना, त्यांना कळू न देता कसं काढायचं, हे शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. आमच्या भिशीत परवा त्यातलाच एक फिरत होता. ‘किसी को पता भी नहीं चलेगा’ असं त्यातला मुलगा पुन्हापुन्हा म्हणत होता आणि तेवढंच ऐकून सगळ्याजणींनी तो आपापल्या घरी पाठवून दिला.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वायफायवरून कोणाला काढायचं असेल तर त्याला ते कळलंच पाहिजे, आणि आपल्या तोंडून कळलं पाहिजे. गुपचूप काढलेला माणूस दुसऱ्या वाटेने परत येतो. संशय आणि अबोला तेवढा मागे राहतो. आमच्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावात राउटर घरात असला तरी त्याची रेंज गल्लीत असते, आणि गल्लीतल्या माणसांची गाठ रोज पडते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे. घर ढाणकी रोडला. वरच्या मजल्यावरच्या खोल्या शिकणाऱ्या मुलींना भाड्याने दिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक बंदीभागातल्या, म्हणजे पैनगंगा अभयारण्याकडच्या गावांमधल्या, जिथे फोनला रेंज मिळवणं हेच एक काम असतं. खोली ठरवताना पाणी, लाइट आणि वायफाय हे तिन्ही शब्द आता एका दमात बोलले जातात. तेव्हा माझ्या राउटरवर कोण हवं आणि कोण नको, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

आधी त्या यादीविषयी. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा पत्ता टाकला आणि त्याचा वेगळा पासवर्ड दिला की राउटरचं आतलं पान उघडतं. पत्ता राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. त्या पानावर जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते आणि ती पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. नवरा-बायको दोघंच राहणारं घर आणि यादीत डझनभर नावं! मग एकेक उलगडत जातं. हा टीव्ही, हा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हा जावयाने दिवाळीला दिलेला बोलणारा स्पीकर, हा कपाटात पडून असलेला पण चार्जिंगला लावून ठेवलेला जुना फोन. काही नावं तर ‘ईएसपी’ आणि पुढे नुसती अक्षरं-आकडे अशी असतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं, हॅकर घुसला. प्रत्यक्षात तो मोबाइलवरून लागणारा एखादा स्वस्त दिवा किंवा प्लग असतो. त्याच्यात बसवलेल्या चिपच्याच नावाने तो यादीत येतो. माझ्या एका मैत्रिणीने असाच एक ‘चोर’ मोठ्या शूरपणाने ब्लॉक केला आणि मग देवघरातला दिवा लागेना म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. म्हणून परकं नाव शोधायच्या आधी घरातल्या वस्तू एकेक करून बंद कराव्यात. थोड्या वेळाने यादीतून जे नाव गळेल, ते आपलं.

नेट स्लो झालं म्हणजे कोणीतरी येऊन बसलंच, असंही नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. गल्लीतल्या सगळ्या घरांचे राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बोलत असतात. त्यातून आपल्याकडे राउटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा शोकेसमध्ये फोटोंच्या आड ठेवायची पद्धत. आधी तो डबा मोकळ्यावर काढा, मग शेजाऱ्यावर संशय घ्या.

एवढं करूनही काही नावं उरतात. एखादा रेडमी, एखादा विवो, घरात कोणाकडेच नसलेला एखादा ओप्पो. हे कुठून आले?

इथे आमच्याकडचे लोक हमखास ‘आमच्या वायफायवर आकडा टाकलाय’ असं म्हणतात. मला ते पटत नाही. विजेच्या तारेवर आकडा टाकणारा अंधारात जीव धोक्यात घालतो, आणि महावितरणने त्याला कधी चहाला बोलावलेलं नसतं. वायफायवर बसलेला माणूस बहुतेक वेळा आपणच बसवलेला असतो. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या भाच्याने पासवर्ड विचारला, आपण कौतुकाने सांगितला. रंग द्यायला आलेल्या पोराने गाणी ऐकायला मागितला, दिला. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, वायफाय शेअर करायला फोनमध्ये क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्या कोडखाली पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेला असतो. एकाने स्कॅन केलं की तो दुसऱ्याला दाखवू शकतो, दुसरा तिसऱ्याला. मालकाला विचारायची गरजच उरत नाही.

याला बारावीच्या परीक्षेचा हंगाम मोठा हातभार लावतो. जानेवारी लागला की घरोघरचे बाप पासवर्ड बदलतात, काही तर राउटरच कपाटात कुलूपबंद करतात. पोरगा अभ्यासाला लागला म्हणून समाधानाने झोपतात. पोरगा समोरच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या वायफायवर असतो. माझ्या भिंतीला टेकून बसलेल्या अशा किती बारावीवाल्यांना मी आत बोलावून सरबत दिलं असेल, त्याचा हिशोब नाही.

आणि जिथे कोणी पासवर्ड दिलेला नसतो, तिथे तो अंदाजाने लागतो. वायफायचा पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो, म्हणून एक ते आठ आकडे ओळीने टाकणारी घरं आहेत. त्याहून हुशार लोक आपला मोबाइल नंबर ठेवतात. गणिताच्या बाईला हे बघवत नाही, म्हणून हिशोब मांडते. आपल्याकडच्या मोबाइल नंबरचा पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो, पुढचे नऊ आकडे कोणतेही. म्हणजे ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं. पण एखादा फोन राउटरला जोडला जातो त्या क्षणाची देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते, आणि मग घरी बसून संगणकावर सावकाश सगळे नंबर लावून बघता येतात. चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासतं. पाच लाख धरा. ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत सगळेच्या सगळे ४०० कोटी नंबर संपले. अर्थात आमच्या गल्लीत एवढी विद्या कोणाला लागत नाही. तो नंबर दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला असतो.

आता ‘ब्लॉक’ या बटणाकडे येते, कारण व्हिडिओवाल्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. राउटर प्रत्येक फोनला त्याच्या मॅक पत्त्यावरून ओळखतो. हा ४८ बिटांचा क्रमांक असतो, बारा अक्षर-आकड्यांत लिहिला जातो. तो ब्लॉक केला की तो फोन बाद. पूर्वी हे बऱ्यापैकी चालायचं. पण अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएसची १४ वी आवृत्ती आल्यापासून फोन आपला खरा मॅक पत्ता दाखवतच नाहीत. प्रत्येक वायफायसाठी एक बनावट पत्ता तयार करतात. बाजारात, स्टेशनवर कोणी आपला माग काढू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि चांगली आहे. पण त्यामुळे झालं असं, की ब्लॉक केलेल्या पोराने सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय बदलला की राउटरच्या लेखी तो नवा पाहुणा. पासवर्ड तर त्याला पाठच असतो. मग आपण पुन्हा ब्लॉक करायचं, त्याने पुन्हा यायचं. त्याला यात मजा वाटते, कारण त्याचं वय पंधरा आहे आणि त्याला वेळ भरपूर आहे.

म्हणजे शेवटी उपाय एकच, पासवर्ड बदलणं. सोबत राउटरमधलं डब्ल्यूपीएस बंद करायचं. बटण दाबून किंवा आठ आकड्यांची पिन टाकून जोडायची ही सोय. २०११ मध्येच हे उघड झालं की त्या पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासले जातात आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, म्हणून ती ओळखायला फार तर ११,००० प्रयत्न लागतात. सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए३ दिसत असेल तर तो घ्यायचा, नसेल तर डब्ल्यूपीए२. पण पासवर्ड बदलला की घरातलं सगळं एकदम तुटतं. टीव्ही, डीव्हीआर, सासूबाईंचा भजनांचा टॅब, वरच्या मुलींचे फोन, सगळ्यांना नव्याने जोडावं लागतं. आणि या गोंधळात ते गुपित राहतच नाही. ज्याचं तुटलं तो अर्ध्या तासात दारात येतो आणि विचारतो, ‘काकू, नेट गेलं का?’ त्या वेळी ‘हो रे, कालपासून प्रॉब्लेम आहे’ असं खोटं बोलायचं की खरं सांगायचं, एवढाच प्रश्न उरतो. खोटं बोलणाऱ्याच्या खिडकीतून टीव्हीवरच्या यूट्यूबचा आवाज येत असतो.

‘एवढा खटाटोप कशाला, वापरू द्या की. पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण?’ असं म्हणणारे सज्जनही आहेत. त्यांना २००८ सालची मुंबई आठवायला सांगते. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल गेला होता. पोलिसांनी त्याचा आयपी पत्ता शोधला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थांच्या घरी निघाला. त्यांचा त्या ईमेलशी संबंध नव्हता, त्यांचं वायफाय कोणीतरी वापरलं होतं. पण ते सिद्ध होईपर्यंत त्यांच्या मागे चौकशीचा जो ससेमिरा लागला, तो तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचला. ऑगस्टमधला पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. मग २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिस उघडी वायफाय शोधत शहरात फिरू लागले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना ती सुरक्षित करून घेण्याचे आदेश दिले. एवढं होऊनही डिसेंबर २०१० मध्ये वाराणसीच्या स्फोटाचा ईमेल वाशीतल्या एका घराच्या वायफायवरून गेलाच.

उमरखेडात कोणी अतिरेकी माझ्या ओट्यावर बसून ईमेल पाठवणार नाही, हे मान्य. पण क्रिकेटच्या सट्ट्याचं ॲप, एखाद्या मुलीच्या नावाचं खोटं खातं, कोणाला तरी ओटीपी मागून घातलेला गंडा, यासाठी अतिरेकी लागत नाही. इंटरनेट देणाऱ्याच्या नोंदी माझ्या कनेक्शनपर्यंत येऊन थांबतात. त्यापुढचा फोन माझ्या माजघरातला होता की समोरच्या ओट्यावरचा, हे त्याला दिसत नाही. बिलावर माझं नाव, आधार कार्डही माझंच. गावात पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की चौकशी कशाची होती हे कोणी विचारत बसत नाही. गाडी आली होती एवढंच पुढची दहा वर्षं लक्षात राहतं.

दुसरा धोका याहून जवळचा. आता घरोघर कॅमेरे आहेत. त्यांचा डीव्हीआर त्याच वायफायवर असतो आणि त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच असतो. आपल्या वायफायवर बसलेला माणूस आपल्याच घराच्या आतल्या जाळ्यात बसलेला असतो. त्याला थोडं डोकं असेल तर आपलं अंगण, आपलं येणं-जाणं तो आपल्याच कॅमेऱ्यातून बघू शकतो. वर मुली राहतात म्हटल्यावर माझी झोप उडवायला एवढी एक गोष्ट पुरेशी होती.

कायदाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणक-जाळ्यात शिरणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रील बघणाऱ्या शेजारच्या पोरावर मी हे कलम लावायला जाणार नाही, आणि कोणी जाऊ नये. पण पोरांच्या आईबापांना ते माहीत असावं. ‘वायफायच तर वापरलं’ या वाक्यामागे काय आहे ते त्यांनाही कळू दे.

तर, सांगायचं कसं? समोर एक भाऊजी राहतात. हळदीची शेती, माणूस दिलदार. मागे एकदा त्यांच्याकडे लग्न होतं तेव्हा पाहुण्यांसाठी म्हणून मी वायफाय दिलं होतं. लग्न झालं, पाहुणे गेले, वायफाय राहिलं. मग त्यांच्या नातवाचा फोन आला, नातवाच्या मित्रांचे आले. मी त्यांच्या घरी गेले, चहा झाला, आणि म्हटलं, ‘‘भाऊजी, रविवारी मी पासवर्ड बदलते आहे. नवा फक्त घरात आणि वरच्या पोरींना देणार.’’

‘‘काहून वहिनी? आमचं काही चुकलं का?’’

‘‘चुकलं काही नाही. कनेक्शन माझ्या नावावर आहे. कोण काय बघतं ते मला कळत नाही, आणि उद्या काही झालं तर विचारणा मला होणार.’’

‘‘आम्ही काय बघतो बाप्पा? मी तर रात्री नुसतं कीर्तन ऐकतो.’’

‘‘तुम्ही कीर्तन ऐकता हो. पण तुमच्या मागं नातू आहे, नातवाच्या मागं त्याचे मित्र आहेत. त्यातल्या दोघांची नावंसुद्धा तुम्हाला माहीत नाहीत.’’

ते हसले, पण लागलं त्यांना. आतून वहिनी म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या ना हो, आपण घेऊ आपलं.’’ त्यानंतर काही दिवस भाऊजी समोरून जाताना मोबाइलमध्ये बघत जायचे. दरवर्षी हळद शिजवून वाळवून झाली की घरी पिशवी यायची, ती त्या वर्षी आली नाही. मला वाईट वाटलं, पण त्याला इलाज नव्हता. नकाराची थोडी किंमत असते, ती द्यायची तयारी हवी. पुढे त्यांनी स्वतःचं कनेक्शन घेतलं. आता त्यांच्याच गेटवर मुलं बसतात आणि पासवर्ड कसा बदलायचा ते विचारायला ते माझ्याकडे येतात.

हेच मी ब्लॉक करून केलं असतं तर? त्यांना वाटलं असतं, नेट बिघडलं. नातवाला मात्र बरोबर कळलं असतं, आणि त्याने आजोबांना सांगितलं असतं की मॅडमनी आपल्याला हाकललं. तोंडावर सांगितलेला नकार पचतो; मागून लागलेला पचत नाही. आणि सांगायची तारीख आधी दिली की समोरच्याला सोय करायला वेळ मिळतो. कोणाची परीक्षा असते, कोणाचा स्कॉलरशिपचा फॉर्म अर्धवट भरलेला असतो. मध्यरात्री तोडणं हा आपला हक्क असेल, पण तो वापरण्यात शौर्य नाही.

द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, पण ठरवून. बऱ्याचशा राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढता येतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि त्यावर बसलेल्याला घरातला टीव्ही, डीव्हीआर, प्रिंटर दिसत नाही. काही राउटरमध्ये त्याला वेळही लावता येते. गल्लीतल्या दोन मुलांना मी असं वायफाय मुद्दाम देते. एकाचे वडील हमाली करतात, दुसऱ्याची आई चार घरी पोळ्या करते. दोघं पोलिस भरतीची तयारी करतात, सकाळी ग्राउंडवरून आले की माझ्या ओट्यावर बसून सराव-चाचण्या सोडवतात. त्यांच्या घरच्यांनाही हे मी सांगून ठेवलं आहे. कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी तरीही माझीच, हे मला ठाऊक आहे. पण ती मी दोन ओळखीच्या मुलांची घेतलेली आहे, आख्ख्या गल्लीची नाही.

‘नको असलेले’ म्हणताना आणखी एका गोष्टीकडे बघायला हवं. शिकवायला होते तेव्हापासून घराघरांतली भांडणं कानावर येतात, आणि अलीकडे त्यात पासवर्ड येऊ लागला आहे. बायकोशी वाजलं की नवरा पासवर्ड बदलतो. तिचं माहेरी व्हिडिओ कॉलवर बोलणं बंद, तिचा ब्लाउज-शिलाईचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद. भावाने रागावून बहिणीचा फोन ब्लॉक केला आणि तिचा ऑनलाइन क्लास बुडाला. घरातल्या माणसाला घरातल्या वायफायवरून काढणं हे शेजाऱ्याला काढण्यासारखं नाही. राउटरची किल्ली घरात एकाच पुरुषाच्या खिशात असू नये. बिलावर नाव कोणाचंही असो, राउटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड घरातल्या दोन मोठ्या माणसांना तरी ठाऊक असावा, आणि त्यातली एक बाई असावी. वरच्या मुलींना मी ते पान वापरायला शिकवते. पाककृतीइतकंच ते त्यांना पुढे उपयोगी पडेल, कदाचित जास्त.

आणि ज्यांना घरचं कनेक्शन परवडत नाही, त्यांनी कायम कोणाच्या तरी भिंतीला टेकून बसायचं का? केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. त्यात पानटपरी, किराणा दुकान, चहाचं हॉटेल, कोणीही परवान्याशिवाय छोटं सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतं. घेणाऱ्याची ओळख मोबाइल नंबरवरून पटते, तो पाच-दहा रुपयांत गरजेपुरतं इंटरनेट घेतो, आणि टपरीवाल्याच्या नावाशी कोणाच्या उद्योगांचा घोळ होत नाही. कल्पना साधी आहे, पण ती सरकारी कागदावरून टपरीपर्यंत यायला कोणीतरी हात धरून आणावी लागते. नगरपरिषदेने बसस्थानकाजवळ, अभ्यासिकांजवळ आणि तहसीलसमोर फॉर्म भरून देणाऱ्यांच्या रांगेत अशी केंद्रं उभी राहतील असं बघावं. स्वागत कमानींना जो उत्साह लागतो, त्याच्या दशांशात हे होईल. बिटरगाव, ढाणकीकडून एसटीने येणाऱ्या मुलीला एका फॉर्मसाठी कोणाकडे पासवर्ड मागावा लागू नये.

सगळ्यात शेवटचा नको असलेला माणूस मात्र राउटरच्या यादीत दिसतच नाही. वायफायचा पासवर्ड बदलला तरी राउटरचं आतलं पान उघडायचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो बहुतेक घरी बसवणाऱ्याने ठेवला तसाच राहतो. पुष्कळदा गल्लीभर तोच एक. काही ठिकाणी तर तो ग्राहकाला सांगायचाच नाही अशी पद्धत आहे. कनेक्शन देणाऱ्याला दुरुस्तीसाठी दुरून राउटरपर्यंत पोचता यावं लागतं, हे मला समजतं. पण गल्लीतल्या प्रत्येक घराची किल्ली एकाच मुलाच्या मोबाइलमध्ये, तीही नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलमध्येसुद्धा राहावी, हे मला समजत नाही. आमच्याकडच्या केबलवाल्याला मी तो पासवर्ड मागितला तेव्हा तो म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही आत काही बदलून बसाल, मग मलाच चक्कर पडेल.’’ त्याचंही खरं आहे. लोक बदलून बसतात. मी म्हटलं, चक्कर पडली तर पैसे देईन, पण पासवर्ड दे. बराच काळ टाळाटाळ करून त्याने दिला.

तो असा मागावा लागू नये. राउटर बसवला त्याच दिवशी ग्राहकाच्या हाताने दोन्ही पासवर्ड टाकून घ्यावेत आणि पावतीवर तशी नोंद असावी, एवढा नियम इंटरनेट देणाऱ्यांनी स्वतःहून लावून घ्यायला काय हरकत आहे? तोवर ग्राहकांनी तो डिपॉझिटचे पैसे हातात ठेवायच्या आधी मागावा. नंतर मागितला तर तो मुलगा फोन उचलेलच, असं नाही.